ब्रेक दाबला होता

संध्याकाळी फोरमननी इंजिन चालू केलं की आधी स्वयंपाकघरातल्या फळीवरचे पेले किणकिणायला लागत, मग खिडकीची काच, आणि शेवटी सुनेचं डोकं.

गाडी अंगणात पत्र्याच्या छपराखाली उभी असे. जुनी, लांबट, मागे सामानाला ऐसपैस जागा असलेली. मूळचा पांढरा रंग आता पिवळट पडलेला. रस्त्यावर वेगात असली की बरी चालायची. पण उभी केली, रेसवरचा पाय काढला, की तिच्या अंगात हीव भरायचं. धडधड, धडधड, मधेच एक ठोका गिळल्यासारखा, पुन्हा धडधड, आणि मनात आलं तर एक उचकी देऊन बंद. फोरमन कमरेपर्यंत बॉनेटमध्ये वाकून कार्बोरेटरचा स्क्रू थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवत राहत. इंजिन जरा चढ्या आवाजात चालायला लागलं की ताठ उभे राहून हात पुसत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

फोरमन म्हणजे तिचे सासरे. मालट्रक दुरुस्त करणाऱ्या एका मोठ्या वर्कशॉपात त्यांची उभी हयात गेली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गल्लीत, किराणा दुकानात, दवाखान्यात सगळे त्यांना फोरमनच म्हणत. घरात दोन्ही मुलं त्यांना बाबा म्हणत, पण वागत मात्र फोरमनसमोर वागावं तशीच. सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या. त्यामुळे घरात बाई म्हणून ही एकटीच. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासून यायची, आल्यावर स्वयंपाक करायची आणि त्या धडधडीत जेवायला वाढायची.

"ठोकल्यापासूनच हे सुरू झालंय," त्या दिवशी जेवताना फोरमन म्हणाले. "इंजिनाला दणका बसला की ते पुन्हा पहिल्यासारखं होत नाही."

सुनेच्या हातातली पळी थांबली. "इंजिन आधीपासून थरथरत होतं, बाबा. मी त्या दिवशी फाटकात आले तेव्हाही थरथरत होतं."

"तुला विचारलं का मी?"

समोर धाकटा बसला होता. तिचा दीर. एक पाय शेजारच्या खुर्चीवर आडवा टाकलेला, खुर्चीच्या पाठीला कुबडी टेकवलेली. त्याने मान वर न करता म्हटलं, "तिला गाडीतलं सगळं कळतं, बाबा. फक्त ब्रेक कुठे असतो तेवढंच कळत नाही."

"मी ब्रेक दाबला होता," ती म्हणाली.

हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटलं होतं की आता ते ऐकायला कुणी चावणंही थांबवत नसे. तिचा नवरा, थोरला, शेजारीच बसला होता. तो ताटातल्या भाताचा ढीग बोटांनी सारखा करत राहिला, जणू त्या भाताचंच काहीतरी बिघडलं होतं आणि तेवढंच त्याला दुरुस्त करता येण्यासारखं होतं.

झालं होतं ते असं. रस्ता उंचावर, घराचं अंगण खाली. फाटकातून छपरापर्यंत चांगलाच उतार. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती बाजारातून सामान घेऊन आली. ती गाडी क्वचितच चालवायची, पण चालवायची नीट. धाकट्याने फाटक उघडलं आणि खाली छपराच्या खांबापाशी उभा राहून हाताने 'ये, ये' करत राहिला. ती क्लच दाबून, गाडी आपोआप उतरू देत खाली आली. मग तिने ब्रेकवर पाय ठेवला. पाय खाली जाईना. एरवी जिथे पायाखाली मऊ दबतं तिथे जणू दगड होता. तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंगला धरून, सीटवरून अर्धवट उठून पाय रोवला. गाडी हळू झाली. पण थांबली ती धाकट्याचा गुडघा खांब आणि बंपर यांच्यामध्ये घेऊनच.

गुडघ्याची वाटी फुटली होती. धाकटा शनिवारी-रविवारी मैदानात खेळणारा, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढणारा माणूस. आता त्याचा पाय काटकोनापर्यंतही वाकत नव्हता.

दुसऱ्याच दिवशी फोरमननी गाडी तपासली. चाकं काढली, ब्रेकचे लायनर पाहिले, तेल पाहिलं, नळ्या पाहिल्या. मग स्वतः गाडी उतारावरून खाली आणली आणि छपराच्या अलीकडे थांबवली. खाली उतरून जाहीर केलं, "ब्रेक ठणठणीत आहेत. गाडीत दोष नाही. दोष पायात आहे." आणि त्याआधीच, दवाखान्याच्या व्हरांड्यातून, त्यांनी तिच्या आईला फोन केला होता. तुमच्या मुलीने माझ्या मुलाचा पाय घालवला. चालवता येत नसताना चावी कशाला घेतली, विचारा तिला. तेव्हापासून आईचा प्रत्येक फोन एकाच वाक्याने सुरू व्हायचा: "आता तरी जपून वागतेस ना गं?"

सख्खी आईही तिला दोषीच धरून होती. तिला सगळ्यात जास्त ते लागलं होतं.

एका सुट्टीच्या दुपारी फोरमननी अंगणातून हाक मारली. थोरला कामावर होता. धाकट्याला पेडलपाशी पाय वाकवून बसता येत नव्हतं. कार्बोरेटरचा स्क्रू फिरवताना आत बसून रेस धरायला माणूस हवा होता.

"नाइलाज आहे म्हणून बोलावतोय," ते म्हणाले. "मी सांगेन तेव्हा रेस द्यायची, सांगेन तेव्हा सोडायची. बाकी कशाला हात लावायचा नाही. पाय तर अजिबात नाही."

त्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच त्या सीटवर बसली. समोर तोच खांब. खांबाच्या रंगावर बंपरचा ओरखडा अजून दिसत होता. इंजिन धडधडायला लागलं, सीट थरथरायला लागली, आणि कुणी सांगितलं नसताना तिचा उजवा पाय आपोआप ब्रेकवर गेला आणि दाबून बसला.

इंजिन एकदम पडलं. बंद नाही झालं, पण दम लागल्यासारखं खाली गेलं. आणि डॅशबोर्डच्या खालून, तिच्या पायांच्या पलीकडून, सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा सूं आवाज आला.

"काय केलंस?" बॉनेटमागून फोरमन ओरडले.

तिने पाय उचलला. आवाज थांबला. इंजिन पुन्हा आपल्या नेहमीच्या धडधडीवर आलं. तिने पुन्हा दाबला. सूं. इंजिन पुन्हा खाली. पायाखाली तोच दगड.

"अगं, काय चालवलंयस? सांगितल्याशिवाय रेसला हात लावू नको म्हणून—"

"रेस नाही, बाबा. ब्रेक. ब्रेक दाबला की इंजिन पडतंय. आणि इथे आत हवेचा आवाज येतोय. बघा." आणि तिने तिसऱ्यांदा दाबला.

फोरमन बॉनेटवरून तिच्याकडे बघत होते. ते आता ओरडतील, मला शिकवतेस का म्हणतील, म्हणून ती वाट बघत राहिली. पण ते ओरडले नाहीत. त्यांची नजर तिच्यावरून हलली आणि इंजिनाच्या मागच्या कोपऱ्यात कुठेतरी जाऊन थांबली. बराच वेळ तिथेच राहिली. मग त्यांनी खिडकीतून हात घालून इंजिन बंद केलं आणि बॉनेट आपटलं.

"पुरे आज. उतर."

"पण बाबा, तो आवाज—"

"उतर म्हटलं ना! जुनी गाडी आहे, शंभर आवाज येतात. तुला सगळ्यांची नावं सांगू का आता?"

दुसऱ्या दिवशी बॅटरीची वायर काढून ठेवलेली होती. "गाडीला कुणी हात लावायचा नाही," फोरमननी सांगितलं. "धाकट्याला गुडघ्याच्या व्यायामाला भाड्याच्या गाडीने नेऊ."

आणि संध्याकाळी इंजिन चालू झालं नाही. त्याच्या दुसऱ्या संध्याकाळीही नाही. घरात शांतता पसरली. पेले किणकिणले नाहीत, काच थरथरली नाही. या शांततेनेच सुनेच्या मनात पाल चुकचुकली. जो माणूस इतके आठवडे त्या इंजिनाच्या राशीला बसला होता, त्याने ते असं एका दुपारीत सोडून दिलं? दुरुस्त न होताच?

तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. आवाज, इंजिनाचं पडणं, फोरमनची ती नजर.

"असेल काहीतरी," थोरला म्हणाला.

"असेल काहीतरी म्हणजे काय? मी खरं बोलत होते असं असेल."

"बाबांशी वाकड्यात शिरून काय मिळणार आहे? घरात आधीच काय कमी आहे का?"

"घरात नाही, माझ्या नावावर आहे जे आहे ते. तुझ्या काय अंगाला लागतंय?"

तो कूस बदलून झोपला. ती भिंतीकडे बघत ठरवत राहिली.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. त्याला सगळे पान्या म्हणत. तरुणपणी तो फोरमनच्या हाताखाली होता. एका ट्रकच्या बिघाडावरून त्याने सगळ्यांसमोर फोरमनना उलट उत्तर दिलं, आणि फोरमननी त्याला हत्यारं घ्यायलाही वेळ न देता वर्कशॉपाबाहेर काढलं होतं. हा किस्सा फोरमन स्वतःच घरात रंगवून सांगत, म्हणून तिला ठाऊक होता. गल्लीतला कुठलाही मिस्त्री फोरमनच्या गाडीला हात लावायला धजणार नव्हता. हा धजला असता.

"फोरमनची सून?" पान्या एका गाडीखालून अर्धा बाहेर येत म्हणाला. केस पिकलेले, दाढी वाढलेली, नजर कडवट. "वाट चुकलात का? की म्हाताऱ्याने पाठवलंय, मी अजून जिवंत आहे का बघायला?"

"त्यांना माहीत नाही मी आलेय ते."

"मग बसा," तो म्हणाला. आता त्याला रस वाटला होता.

तिने सांगायला सुरुवात केली. तो मधेमधे प्रश्न विचारत गेला. थरथर उभ्या गाडीतच ना? वेग घेतला की जाते? ब्रेक दाबल्यावर आवाज इंजिनातून की पायापाशी? ती उत्तरं देत गेली आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला. कुणाची तरी चूक सापडल्यावर माणसाचा उजळतो तसा.

"पेट्रोलचं इंजिन चालताना आत हवा ओढतं," त्याने समजावलं. "त्या ओढीचा उपयोग करून ब्रेकला जोर द्यायचा म्हणून एक गोल डबा असतो, पेडलच्या पुढे. बूस्टर. तुम्ही चार आण्याचा पाय दाबायचा, बाकीचे बारा आणे तो दाबतो. त्याच्या आत रबरी पडदा असतो. तो फाटला की दोन गोष्टी होतात. डबा तुम्हाला मदत करत नाही, म्हणून पेडल दगड. आणि फाटक्या पडद्यातून फुकटची हवा इंजिनात शिरते, म्हणून इंजिन थरथरतं. दुखणं एकच. तुमचा सासरा इतके दिवस स्क्रू पिळून त्यावर पांघरूण घालत बसलाय."

"पण त्यांनी स्वतः उतारावरून गाडी आणली. ती थांबली."

"थांबणारच. ब्रेक गेलेला नाही, मदत गेलीय. पडदा एका दिवसात फाटत नाही. तो रोज गाडी चालवणार, पेडल रोज रतीभर जड होणार, आणि त्याचा पाय रोज रतीभर जास्त दाबणार. त्याला पत्ताच नाही. तुम्ही बसलात महिन्या-दोन महिन्यांनी. तुम्हाला तो सगळा दगड एकदम लागला."

तिचे डोळे भरून आले, आणि ते याच्यासमोर भरून आले याचा तिला राग आला.

"घरी येऊन हे दाखवाल?" तिने विचारलं.

"येईन की!" पान्या हसला. "पण एक सांगून ठेवतो, तुमच्यासाठी नाही येत मी. म्हाताऱ्याचं तोंड बघायला येतोय."

"चालेल," ती म्हणाली. "मला तपासणी हवीय. तुमच्या मनात काय आहे त्याच्याशी मला कर्तव्य नाही."

रविवारी सकाळी तो आला. फोरमन अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. फाटकातून आत येणारा माणूस कोण आहे हे कळायला त्यांना एक क्षण लागला, आणि मग ते असे उठले की खुर्चीच मागे कलंडली.

"कोणी बोलावलं ह्याला?"

"मी," सून दारातून म्हणाली.

"चालता हो! माझ्या अंगणातून चालता हो आधी!"

"दुसऱ्यांदा हाकलताय, फोरमनसाहेब," पान्या थंडपणे म्हणाला. "तेव्हा हत्यारं आत राहिली होती. आज हातात आहेत."

आरडाओरडा ऐकून थोरला बाहेर आला, आणि मागोमाग कुबडी टेकत धाकटा. फोरमन सुनेकडे वळले. त्यांच्या कपाळाची शीर उभी राहिली होती. "घरातली भांडणं रस्त्यावर नेतेस? माझ्या मुलाला लंगडा केलंस, आता माझ्या दारात माझीच अब्रू काढायला माणसं आणतेस?"

"पाच मिनिटं लागतील, बाबा. दोष नसेल तर मी सगळ्यांसमोर तुमची माफी मागेन आणि पुन्हा तोंड उघडणार नाही."

"माझ्या गाडीला हा हात लावणार नाही!"

"लावू दे त्याला," धाकटा म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो सुनेकडे बघत होता, आणि त्या नजरेत माया नव्हती. "एकदाचं होऊन जाऊ दे. रोज उठून 'ब्रेक दाबला होता, ब्रेक दाबला होता' ऐकून कंटाळा आलाय मला. खोटी ठरली की कटकट तरी संपेल."

पान्याने कुणाच्या होकाराची वाट पाहिली नाही. बॅटरीची वायर जोडली, बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं. तीच धडधड. मग त्याने खिशातून एक पक्कड काढली, तिच्या जबड्यांना फडकं गुंडाळलं, आणि इंजिनातून मागच्या गोल डब्याकडे जाणारी जाड रबरी नळी त्या पकडीत दाबून धरली.

थरथर थांबली. पण इंजिन एकदम किंचाळायला लागलं, कुणीतरी रेस दाबल्यासारखं.

"हे तुमचे स्क्रू, फोरमनसाहेब," पान्या मोठ्याने म्हणाला. "भोक बुजलं, आता पिळलेलं सगळं वर आलं." दुसऱ्या हाताने त्याने स्क्रू मोकळा केला, एक वळसा, दोन वळसे. आवाज उतरत गेला आणि खाली येऊन स्थिर झाला. मऊ, एकसारखा. इतक्या महिन्यांत त्या अंगणात तसा आवाज कुणी ऐकला नव्हता. पान्याने पक्कड सोडली. धडधड परत आली आणि पुढच्या क्षणी उचकी देऊन इंजिन बंद पडलं.



"आता तुम्ही बसा," पान्या धाकट्याला म्हणाला. "डाव्या पायाने दाबा, चांगल्या पायाने. ज्याचा गुडघा गेला त्यानेच बघावं."

धाकटा कसाबसा आत बसला, दुखरा पाय दाराबाहेर ताठ ठेवून. पान्याने सांगितलं तसं त्याने बंद गाडीत ब्रेक चार-पाच वेळा दाबला आणि शेवटी दाबूनच धरला. "आता इंजिन चालू करतो. डबा धड असेल तर पेडल तुमच्या पायाखाली आपोआप थोडं खाली जाईल. जातंय का सांगा."

इंजिन चालू झालं. सूं आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"जातंय?"

धाकट्याने पाय उचलून पुन्हा दाबला. मग ओठ दाबून, स्टिअरिंगला धरून, अंगाचा भार टाकून दाबला. नेमका तसाच, जसा सुनेने त्या दिवशी दाबला होता. त्याने समोरच्या खांबाकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "दगड आहे."

"झालं समाधान?" फोरमन ओरडले. "मिळाला ना तमाशा बघायला? मला काय कळत नाही? बूस्टर मागवलाय मी! पुढच्या आठवड्यात येतोय. माझी गाडी आहे, मी बघून घेतो. ह्या उपटसुंभाची गरज नव्हती!"

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं.

धाकटा दाराला धरून उभा राहिला. "मागवलाय? कधी मागवला, बाबा?"

"कधी म्हणजे—"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"आत्ता आत्ता कळलं मला. त्या दुपारी."

"त्या दुपारनंतर आपण कितीदा एकत्र जेवलो?" धाकट्याचा आवाज फाटला. "मी हिला रोज टाकून बोलत होतो. तुमच्यासमोर. तुम्ही घास गिळत होतात आणि ऐकत होतात!"

"आवाज चढवू नकोस! बापाशी बोलतोयस!" फोरमन कडाडले. "माझ्या हाताखालून गेलेल्या गाडीत दोष होता, असं लोकांना सांगू मी? माझ्या गाडीने माझ्या पोराचा पाय मोडला असं? मी बूस्टर बसवणार होतो. गुपचूप बसवला असता, गाडी सुधारली असती, विषय संपला असता!"

"तुमचा संपला असता," सून म्हणाली.

पान्या पक्कड पुसत मजा बघत होता. "चला," तो म्हणाला, "आज जुन्या वर्कशॉपवाल्यांना सांगायला काहीतरी आहे."

सून त्याच्याकडे वळली. "तुम्ही बघायला आलात ते बघून झालं. तुमचं काम झालं. आता निघा."

"वा! काम झाल्यावर तुम्हीपण हाकलता? शोभता हो फोरमनची सून!" म्हणत तो गेला. फाटक त्याने मुद्दाम उघडंच ठेवलं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. धाकटा स्वतःच्या खोलीत जेवायला लागला. फोरमन अंगणात खुर्ची टाकून बसत, पण पेपर उघडत नसत. थोरल्याने एकदा बायकोला म्हटलं, "आता झालं ना सिद्ध? आता तरी सोड." ती म्हणाली, "सिद्ध मी केलं. तू काय केलंस ते सांग." दुसऱ्या दिवशी तो कामावरून येताना भाड्याच्या दोन खोल्या बघून आला आणि चष्म्याच्या दुकानापासून त्या किती जवळ आहेत ते तिला सांगत राहिला. तिने ऐकून घेतलं. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

फोरमनपुढे तिने एकच मागणं ठेवलं. "माझ्या आईला फोन करा. जसा दवाखान्यातून केला होता तसा."

"मी कुणापुढे नाक घासणार नाही."

"नाक नका घासू. खरं सांगा."

तिने त्यांच्याशी बोलणं बंद केलं. चहा करायची, कप त्यांच्यासमोर ठेवायची आणि वळायची. त्यांनी मुद्दाम साखर कमी आहे म्हटलं तरी साखरेचा डबा आणून शेजारी ठेवायची, एक शब्द न बोलता. बूस्टर आला. त्यांनी तो एकट्याने बसवला, सगळे स्क्रू पुन्हा जागेवर आणले, आणि गाडी चालू करून कितीतरी वेळ तिच्याशेजारी उभे राहिले. इंजिन चालू होतं हे आत स्वयंपाकघरात कळलंसुद्धा नाही.

त्याच संध्याकाळी ते आत आले आणि भिंतीकडे तोंड करून फोन लावला.

"मी बोलतोय... हो, सगळं ठीक. एक सांगायचं होतं. गाडीत दोष निघाला. ब्रेकमध्ये. हो... नाही, तिचा नव्हता. गाडीचा." पलीकडून आईचा आवाज वाढत गेला, शब्द कळत नव्हते, पण चढलेला सूर सुनेला ओळखता आला. लहानपणी कुणी तिला मारलं की आई त्याच सुरात मारणाऱ्याच्या दारात जाऊन उभी राहायची. फोरमन मान खाली घालून ऐकत होते. एकदा 'पण' म्हणाले. मग तेही म्हणाले नाहीत. शेवटी त्यांनी फोन सुनेपुढे धरला आणि तिच्याकडे न बघता अंगणात निघून गेले.

माफी त्यांनी मागितली नाही. कधीच मागितली नाही. तिनेही माफ केलं नाही.

पुढच्या आठवड्यात धाकट्याला व्यायामाला न्यायचं होतं. थोरला कामावर, आणि बापाशेजारी बसायला धाकटा तयार नव्हता. तो दारात येऊन म्हणाला, "नेतेस का?" आणि ती काही म्हणायच्या आत मागच्या सीटवर जाऊन बसला, पाय आडवा टाकून.

पहिल्या वळणावर तिने सवयीने सगळा जोर लावून ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी खिळली. धाकट्याचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं.

"अगं! मारतेस का आता उरलेल्यालाही?"

"हलका झालाय तो. मला सवय नाही."

"मग सवय कर! माझ्या डोक्यावर शिकू नकोस!"

"पुढे बसला असतास तर पट्टा लावला असतास."

तो कपाळ चोळत खिडकीबाहेर बघायला लागला. पुढच्या सिग्नलला तिने पाय नुसता टेकवला. गाडी अलगद थांबली. आणि मग शांतता. धडधड नाही, थरथर नाही, स्टिअरिंग हातात निर्जीव.

"पडली बंद," तो मागून म्हणाला. "बघ. काही सुधारलेलं नाही."

तिनेही तेच समजून चावी फिरवली. कर्रर्र असा दात घासल्यासारखा भयानक आवाज झाला आणि तिने दचकून हात काढला. इंजिन चालूच होतं. इतकं गुमान चालू होतं की दोघांनाही कळलं नव्हतं. शेजारच्या गाडीतला माणूस काच खाली करून बघायला लागला.

मागून एक खुसखुस ऐकू आली. तिने आरशात पाहिलं. धाकट्याने तोंडावर मूठ धरली होती, पण खांदे हलत होते.

"काय झालं हसायला?" ती चिडून म्हणाली.

"बाबांना सांगू नकोस," तो कसाबसा म्हणाला. "नाहीतर म्हणतील, आता स्टार्टरही हिनेच घालवला."

सिग्नल सुटला. मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. तिने गिअर टाकला आणि ओठ घट्ट मिटून गाडी पुढे काढली, आपलं हसू त्याला आरशात दिसू नये म्हणून.